एकाच बाईची दोन सॅम्पलं

मी डूख धरणारी बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला समजूतदार वगैरे समजायला नको. पाचवीत असताना एका मुलीनं माझी कंपासपेटी शाळेच्या टाकीत टाकली होती. ती पुढे आमच्याच वाड्यावर सून होऊन आली, तीन घरं सोडून राहते, आणि मी अजून तिच्याकडे हळदीकुंकवाला जात नाही. तेव्हा ज्या मॅडमनी मला खोटारडी ठरवून प्रयोगशाळेतून काढलं, त्यांना मी दहा वर्षांत माफ केलं असेल, असं कोणी मनातही आणू नये.

आमचं घर गोव्यात, पेडण्याहून थोडं आत. बाबा मूळचे सावंतवाडीकडचे. शिरगावच्या लोखंडाच्या खाणीवर ट्रक चालवायला आले आणि इथलेच झाले. आठवडाभर तिकडे, रविवारी घरी. आई त्यांचे कपडे वेगळ्या बाल्दीत भिजवायची, कारण पाणी लाल व्हायचं. खाणी थांबल्यावर ते चिऱ्यांच्या ट्रकवर गेले. घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. एमएस्सी झाले आणि आनुवंशशास्त्राच्या एका प्रयोगशाळेत प्रकल्पावर जागा मिळाली, तेव्हा बाबांनी पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल थांबवून त्याच्याकडचे होते नव्हते तेवढे उंडे घेतले आणि वाड्यावर वाटले. पेढे आणायला म्हापशाला जावं लागलं असतं आणि त्यांना तेवढा धीर नव्हता. दोन वर्षं प्रकल्पावर काम, मग पीएचडीची नोंदणी, असं मॅडमनी मुलाखतीतच सांगितलं होतं.

काम असं होतं. आमच्या भागात काही घराण्यांत जन्मापासून रक्त कमी राहण्याचा एक आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो. तो जनुकातल्या कुठल्या बदलामुळे येतो आणि पेडण्या-डिचोलीत तो कुठून कुठे गेला, हे शोधायचं. त्यासाठी घरोघरचं रक्त हवं आणि प्रत्येक घराची वंशावळ हवी. वंशावळ म्हणजे बापे चौकोन, बाईमाणूस गोल, आजार असेल तर आतून काळं केलेलं, आणि मध्ये लग्नांच्या आणि मुलांच्या रेघा. घरोघर जायला बोली येणारं माणूस हवं. ते माणूस मी.

मॅडम बाहेरच्या. हुशार, यात वाद नाही. लग्नानंतरही त्यांनी आपलं नाव, आडनाव, काही बदललं नव्हतं, आणि याचा मला तेव्हा फार आदर वाटायचा. त्या सगळीकडे भाषणं द्यायच्या: खेड्यातल्या मुली विज्ञानात आल्या पाहिजेत, त्यांना हात दिला पाहिजे, इन्क्लुजन, इन्क्लुजन. प्रयोगशाळेच्या माहितीपत्रकावर माझा फोटो होता. हातात आइसबॉक्स, पायाला चिखल, मागे माड. खाली लिहिलं होतं, ‘गावातून विज्ञानाकडे’. मी विज्ञानाकडे निघाले होते खरी, पण दारातच उभी होते. बैठकीला टेबलाभोवती बसायला कदेलं मोजकी असायची आणि मी भिंतीकडच्या स्टुलावर. माझ्याच सॅम्पलांचे निकाल ज्या संगणकावर यायचे त्याचा पासवर्ड मला नव्हता. एकदा मागितला तर मॅडम माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “अगं, तू फील्डमध्ये इतकी छान आहेस, कशाला आकड्यांत डोकं घालतेस?” आणि मी मूर्ख, मला ती शाबासकी वाटली. घरी जाऊन आईला सांगितलीसुद्धा.

चवथीला, म्हणजे गणपतीत, घरोघर जायचं ही कल्पना माझी. आमच्याकडे मुंबईचा, दुबईचा, बोटीवरचा, जो तो चवथीला घरी येतो. एरवी एका घराचं रक्त गोळा करायला पाच फेऱ्या. चवथीला एका फेरीत आजा, बाप, नातू, तिघांचं मिळतं. घरोघरच्या नेवऱ्या-करंज्या खायला लागतात तेवढंच. मॅडमनी पुढच्याच भाषणात ही कल्पना सांगितली, “आम्ही असं ठरवलं” म्हणून. मी मागच्या रांगेत टाळ्या वाजवल्या. आरोग्य केंद्रातल्या एका नर्सबाईला सुट्टीत बरोबर घेऊन मी पेडण्याकडची घरं पालथी घातली. डिचोलीकडचं रक्त त्याआधी उन्हाळ्यात एका शिबिरात घेतलं होतं. ते काम मॅडमच्या एका सीनियर विद्यार्थ्यानं केलं होतं. मी त्या शिबिराच्या ट्यूबांवर फक्त चिकटपट्ट्या लावल्या होत्या.

चवथीनंतर दोनेक महिन्यांनी मॅडमनी मला आत बोलावलं. सीनियर आधीच बसला होता. संगणकानं दोन सॅम्पलं तंतोतंत एक दाखवली होती. एक डिचोलीच्या शिबिरातलं, एक मी पेडण्यात घेतलेलं. नावं वेगळी, गावं वेगळी, वयात तीन वर्षांचा फरक, म्हणजे जुळ्या बहिणीही नव्हेत. पण रक्त एकच.

“हे कसं होतं?” मॅडमनी विचारलं.

मी म्हटलं, मला ठाऊक नाही.

“मी सांगते. तुला एका घरी माणूस भेटलं नाही. आकडा कमी पडला. फ्रीजची चावी तुझ्याकडे. शिबिराच्या ट्यूबमधलं थोडं रक्त काढून तू तुझी ट्यूब भरलीस.”

आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं, मीही भांडले असते. मी म्हटलं, नर्सबाईंना विचारा, प्रत्येक घरी त्या होत्या. तेव्हा सीनियर हसला आणि मॅडम म्हणाल्या, “नर्सला विचारून विज्ञान होत नाही.” मग मला पाणी दिलं. मग म्हणाल्या, त्या मला समजून घेतात, माझ्यासारख्या पार्श्वभूमीतून आलेल्या मुलींवर दडपण असतं, त्या बाहेर कुठे बोलणार नाहीत. फक्त पुढचं वर्ष वाढवून मिळणार नाही. माझ्यासारखी पार्श्वभूमी! बाबांनी उभ्या जन्मात दुसऱ्याचा खिळा उचलला नाही.

घरी बाबांनी एकच विचारलं, “तू केलंस?” मी नाही म्हटलं. “मग झालं,” म्हणाले आणि जेवायला बसले. पण पुढे कधी कोणी पाहुण्यानं पोरगी काय करते असं विचारलं, की ते उठून अंगणात जायचे. त्यासाठीसुद्धा मी मॅडमना सोडणार नव्हते.

पीएचडी बुडाली. बीएड करून मी डिचोलीत उच्च माध्यमिक शाळेत जीवशास्त्र शिकवायला लागले. मटारच्या शेंगा, उंच झाड, बुटकं झाड, तीनास एक. मुलांना वंशावळ काढायला शिकवताना माझ्या हातातला खडू दर वर्षी तुटायचा. अधूनमधून मी प्रयोगशाळेचं काय चाललंय ते पाहायची. मॅडमचा शोधनिबंध आला. त्यात म्हटलं होतं, की हा बदल पेडण्यातल्या काही आणि डिचोलीतल्या काही अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या घराण्यांत सापडतो, म्हणजे तो या मातीत फार जुना असला पाहिजे. शेवटी बारीक अक्षरात: काही सॅम्पलं एका क्षेत्रसहायिकेच्या हाताळणीमुळे अविश्वसनीय ठरल्यानं वगळली आहेत. आभारांत माझं नाव नव्हतं, पण त्या बारीक ओळीत मी होते.

दोन वर्षांपूर्वी शाळेत पालकसभा होती. एका मुलाची आई माझ्या टेबलासमोर बसली, माझ्याकडे बघतच राहिली आणि म्हणाली, “गो बाय, तूंच मगो ती? चवथीक आमगेर आयिल्लें, रगत काडूंक?”

मी तिला ओळखलं नाही. घर कुठलं म्हटल्यावर तिनं पेडण्याकडचं गाव सांगितलं. ते माहेर. मी हजेरीपट बघितला. त्यात मुलाच्या आईचं नाव वेगळंच. मी माहेरचं नाव विचारलं, तिनं सांगितलं. तेच. ज्या सॅम्पलापायी मला काढलं, त्या फॉर्मावर मी माझ्या हातानं लिहिलेलं नाव.

“तुम्ही इथे डिचोलीत कधी रक्त दिलं होतं?”

“दिलां मगो. हांवें दोन फावट दिलां,” ती म्हणाली. उन्हाळ्यात शिबिरात सासूबरोबर, आणि चवथीला माहेरी आली होती तेव्हा आमच्यासमोर. शिबिरात फॉर्म सासूनं भरवला, नाव सासरचं, वय सासूच्या अंदाजानं. माहेरी भावानं भरवला, नाव माहेरचं.

“मग तेव्हा बोलला का नाहीत, आधी दिलंय म्हणून?”

तिला माझा प्रश्नच कळेना. “ते सासरच्या घराचं होतं. हे माहेरच्या घराचं. मी दोन्ही घरची ना?”

ती गेल्यावर मी टेबलावर डोकं टेकून बसले. मॅडमना कळलं नाही ते एक वेळ समजेल. पण मला? लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहितात हे मी शंभर वेळा पाहिलेलं. माझ्या आईला माहेरी अजून दुसऱ्याच नावानं हाक मारतात, आणि त्या नावाच्या बाईला आमच्या वाड्यावर कोणी ओळखणार नाही. फॉर्मात एकच रकाना होता: वडिलांचे, तिरकी रेघ, पतीचे नाव. बाई ज्या घरात बसली असेल त्या घरचं नाव सांगायची आणि मी लिहून घ्यायची. माहेरचं नाव काय, हे विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही. पुण्यामुंबईची मुलगी चुकली असती तर मी तिला हसले असते.

मग दुसरी गोष्ट लक्षात आली आणि मी ताठ बसले. ही एकच बाई थोडीच असणार? पेडण्याच्या मुली डिचोलीत द्यायची आमच्याकडे वहिवाटच आहे. म्हणजे मॅडमच्या निबंधातल्या वंशावळींत पेडण्याचा एक गोल आणि डिचोलीचा एक गोल, हे कितीदा तरी एकच माणूस असणार. संबंध नसलेली घराणी कसली, सोयरीकच ती. आजार मातीत जुना वगैरे काही नव्हता, लेकींबरोबर सासरी गेला होता. आणि जिथे जिथे दोन घरांचं रक्त जुळताना दिसलं, तिथे तिथे मॅडमनी माझ्या नावावर खापर फोडून ते सॅम्पल काढून टाकलं होतं. माझी बदनामी त्यांना फार सोयीची पडली होती.

त्याच दिवशी मी ईमेल लिहायला घेतली. ‘आदरणीय मॅडम’ एवढं लिहिलं आणि त्या ‘आदरणीय’वर बोट अडलं. पुढचं मला दिसत होतं. त्या दोन ओळींचं उत्तर देणार, आभार मानणार, गुपचूप दुरुस्ती करणार, आणि मी आहे तिथेच राहणार. नाही म्हटलं. चारचौघांत मला कोणी खोटारडी म्हटलं नव्हतं, पण निबंधात म्हटलं होतं, जगासमोर. मग उत्तरही जगासमोर. मी ईमेल पुसली.

पुढची दोन वर्षं माझ्या सगळ्या सुट्ट्या त्यात गेल्या. म्हापशाहून बस बदलत मी पेडण्याच्या घरांत जायची आणि एकच विचारायची: तुमच्या लेकी कुठे दिल्या, आणि तिथे त्यांना काय म्हणतात? बायका हौसेनं सांगायच्या. एवढी वर्षं तो प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. वहीत डावीकडे माहेर, उजवीकडे सासर. मध्ये रेघ ओढताना मला जो आनंद व्हायचा तो काही चांगल्या माणसाचा नव्हता. प्रत्येक रेघ मी मॅडमच्या नावानं ओढायची.

आता त्या मुलीचं सांगायला हवं. बारावीला ती माझ्या वर्गात होती. वडील बेळगावकडचे, डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यात कामाला. घरात कन्नड, शाळेत मराठी, बाजारात कोंकणी. वर्गात सगळ्यांत जास्त प्रश्न तिचे, आणि उत्तर पटलं नाही तर तासानंतर स्टाफरूमच्या जनेलाचे गज धरून उभी राहायची. तिनं आनुवंशशास्त्रच घेतलं, ते माझ्यामुळे, असं ती सगळ्यांना सांगायची. एमएस्सी झाल्यावर मला येऊन म्हणाली, “टीचर, मॅडमच्या प्रयोगशाळेत जागा निघाली आहे. तुम्ही तिथे होता ना? भरू का फॉर्म?”

मी तिला सावध करायला हवं होतं. मी म्हटलं, भर. मुलाखतीची तयारीही मीच करून घेतली. खरं सांगते, मला तिथे आपलं माणूस हवं होतं. मॅडम काय म्हणतात, पुढचा प्रकल्प कुठे पोचला, हे मला आतून कळायला हवं होतं. ती दर शनिवारी यायची, आम्ही चहाबरोबर उंडे खायचो आणि ती भोळेपणानं सगळं सांगायची. प्रकल्प वाढला होता, नवी घरं घेत होते. फॉर्म जुनाच. तिरकी रेघ तशीच. हे ऐकून मी मनात खूश झाले. वर्षअखेरीला पीएचडीची नोंदणी होणार म्हणून तिच्या वडिलांनी अख्ख्या चाळीला सांगून ठेवलं होतं, की पोरगी रक्ताची डॉक्टर होणार.

चार महिन्यांपूर्वी तिचा फोन आला. डिचोलीच्या स्टँडवर भेटू म्हणाली. गेले तर बाकावर बसून रडत होती, येणारेजाणारे बघत होते त्याचीही शुद्ध नव्हती. दोन सॅम्पलं तंतोतंत एक निघाली होती. एक शिबिरातलं, एक तिनं चवथीला आणलेलं. मॅडमनी तेच सगळं म्हटलं होतं, पाण्याच्या ग्लासासकट. महिनाअखेरीला तिची मुदत वाढवायची की नाही ते ठरणार होतं. वाढली नाही तर नोंदणी गेली.

उत्तर माझ्या पर्समध्ये होतं. वही मी तेव्हा बरोबरच घेऊन फिरायची. तिनं सांगितलेली दोन्ही नावं माझ्या वहीत समोरासमोर होती, एकाच बाईची. पण आठवड्याभरापूर्वीच या मुलीनंच मला बातमी दिली होती, की पणजीत तरुण शास्त्रज्ञांचा मोठा मेळावा आहे, देशभरातून माणसं येणार आहेत, आणि तिथे मॅडमचा सत्कार आहे. कशाबद्दल? नवोदितांना घडवल्याबद्दल. तो दिवस मी मनात धरून ठेवला होता. आता वही उघडली असती तर मॅडम आठवड्यात सगळं निस्तरून मोकळ्या झाल्या असत्या आणि सत्काराला नवी साडी नेसून गेल्या असत्या. मी तिला म्हटलं, धीर धर. तिला लिंबूसोडा पाजला, बसमध्ये बसवून दिलं. स्वतःला सांगितलं, चारच महिने, मग हिचं सगळं सव्याज परत मिळवून देते.

तिची मुदत वाढली नाही. ती औषधांच्या एका कंपनीत पॅकिंगच्या लाइनीवर लागली.

मेळाव्याला शाळांना बोलावलं होतं. मी बारावीची मुलं घेऊन गेले आणि त्या मुलीला मुद्दाम फोन करून बोलावलं. म्हटलं, ये, तुला बघायला मिळेल. मॅडम बोलल्या, सुंदर बोलल्या. हात देणं म्हणजे काय, ऐकून घेणं म्हणजे काय. मग प्रश्नोत्तरं. मी हात वर केला, माइक आला.

“मॅडम, तुमच्या फॉर्मात वडिलांचे तिरकी रेघ पतीचे नाव असा एकच रकाना आहे. आमच्याकडे लग्नात बाईचं नाव बदलतं. तुमच्या निबंधातली पेडण्याची आणि डिचोलीची घराणी एकमेकांशी संबंध नसलेली नाहीत, ती माहेर आणि सासर आहेत. वंशावळीत एकेका बाईला तुम्ही दोनदा मोजलंय. मी दोन वर्षं घरोघर जाऊन याद्या केल्या आहेत. नावं मी इथे घेणार नाही, ती त्या बायकांची आहेत. पण ज्या मुलींना तुम्ही खोटं सॅम्पल भरलं म्हणून घालवलंत, त्यांतली एक मी, आणि दुसरी मागच्या रांगेत बसली आहे.”

मॅडमचा चेहरा उतरला. मी डोळे भरून पाहिलं. त्यांनी खालचा ओठ चावला, शेजारच्या पाहुण्याकडे पाहिलं, पाहुण्यानं दुसरीकडे पाहिलं. याच्यासाठी मी दहा वर्षं जगले होते म्हटलं तरी चालेल.

जेमतेम पाच-सहा सेकंद टिकलं असेल. मग मॅडम स्टेजवरून उतरल्या, चालत माझ्यापर्यंत आल्या, माझा हात हातात घेतला आणि सभागृहाकडे वळल्या. “ही माझी पहिली फील्ड विद्यार्थिनी,” म्हणाल्या. “बघितलंत? हे मी किंवा माझा संगणक कधीच शोधू शकलो नसतो. याच्यासाठीच मी इन्क्लुजन म्हणत असते. आम्ही दुरुस्ती छापू आणि तिच्यावर पहिलं नाव हिचं असेल.” टाळ्या पडल्या, माणसं उठून उभी राहिली, माझ्या बारावीच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. फोटोवाला आला. मॅडमनी मला जवळ ओढलं आणि मी हसले. चांगली दात दाखवून हसले.

फोटो होताना मी हळूच विचारलं, “आणि त्या मुलीचं काय?”

“तिचं प्रकरण बंद झालंय गं,” मॅडम ओठ न हलवता म्हणाल्या. “तिनं स्वतः लिहून दिलंय. आज नको.”

लिहून दिलंय हे मला ठाऊक नव्हतं.

ती बाहेर पायऱ्यांशी उभी होती. मी गेले तेव्हा टाळ्यांनी अजून फुगलेलीच होते. ती मला काहीतरी म्हणेल, हात धरेल, असं वाटत होतं.

“चांगलं बोललात, टीचर,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “दोन वर्षं याद्या केल्या म्हणालात.”

“हो.”

“मी स्टँडवर आले होते त्याला चार महिने झाले.”

मी पर्सची चेन लावली.

“म्हणजे तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं.”

“ठाऊक होतं,” मी म्हटलं. मी काहीही असले तरी तिच्याशी खोटं बोलायला तोंड उघडेना.

“मी तुम्हाला विचारलं होतं, टीचर, माझ्याच हातून काही झालं असेल का? तुम्ही म्हणालात, आठवून बघ.”

हो, म्हणाले होते. स्टँडचं सांगताना हे मी वर लिहिलं नाही, लिंबूसोड्याचं लिहिलं. मी तसं म्हटलं, कारण तिनं आणखी काही विचारू नये म्हणून तेव्हा मला दुसरं काही सुचलं नव्हतं.

“मी आठवत बसले,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, ती मला नीट समजावून सांगत होती. “रोज. फ्रीज कधी उघडला, कुठली ट्यूब कुठे ठेवली. इतकं आठवलं की शेवटी मलाच वाटायला लागलं, केलं असेन. मॅडमचं मी मानलं नसतं. पण तुम्हीसुद्धा नाही म्हणाला नाहीत. मग मी लिहून दिलं, माझ्याकडून झालं म्हणून. खाली सही केली. घरी अप्पांनाही तसंच सांगितलं.”

मी म्हटलं, ते पत्र मी परत घ्यायला लावते, उद्याच जाते, मॅडमना सोडत नाही. ती मान हलवत होती, हो की नाही ते कळत नव्हतं.

पोरं शाळेच्या बसमधून हाका मारत होती. मी तिला म्हटलं, चल, डिचोलीपर्यंत आमच्याबरोबर. “नको, मी मागून येते,” ती म्हणाली आणि स्टँडच्या दिशेनं चालायला लागली. मी बसमध्ये चढले, पुढच्या सीटवर बसले. मागे पोरांचा दंगा चालला होता, टीचरनी आज मॅडमची कशी जिरवली ते एकमेकांना सांगत होती.